टाच

१ जुलै २०२४
सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकवत नाहीत. उजवी टाच. थोडं चाललं की मोकळी होते. म्हणून पळते.

४ जुलै
तुकोबांची पालखी आली. काल यवतला पिठलं-भाकरी, आज मुक्काम वरवंडला. हमरस्त्यावर पळायला जागा नाही. ओट्यावर वारकरी बायका टेकल्या. एका आजीच्या पायाला तेल लावून दिलं. टाचा भेगाळलेल्या. "दुखत न्हाई गं," म्हणाल्या. देहूपासून चालताहेत.
आईनं रात्री माझी टाच चोळली. काही बोलली नाही.

५ जुलै
पालखी उंडवडीकडं गेली. व्हिक्टोरिया तलावाच्या भरावावर पळाले. परतताना कळ पोटरीपर्यंत.

८ जुलै
अविनाश साबळे, काल पॅरिसमध्ये, ८ मिनिटं ९.९१ सेकंद! स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. आधीचा ८:११.२० बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतला, २०२२ चा. तेव्हा सुवर्ण ०.०५ सेकंदानं गेलं होतं.
३००० मीटर स्टीपलचेस. अठ्ठावीस अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. अडथळा पडत नाही, माणूस पडतो.

११ जुलै
भरतीच्या पोरी भरावावर आल्या होत्या. पोलीस भरतीचे ८०० मीटर. ताई, सुरुवातीला जोरात पळू का? नको म्हटलं. तरी सगळ्या सुरुवातीलाच सुटल्या.

१४ जुलै
दहा किलोमीटरची शर्यत. तिसरी आले. पाकीट दादाच्या हातात दिलं. उसाची आडसाली लागण आहे, बेणं, खत, मजुरी. पाकीट लगेच संपलं.
बूट काढताना डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं होतं.

१९ जुलै
फिजिओनं टाच दाबली, मी ओरडले. "शर्यती किती करता?" जवळजवळ दर रविवारी. "मग ही बरी कधी व्हायची?"
विश्रांती. पोटरीचे ताण. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी टॉवेलानं पंजा ओढायचा.

२१ जुलै
रविवार. शर्यत सोडली. दुसऱ्या आलेल्या मुलीला मी दोनदा हरवलंय. तिचा फोटो बघत बसले.

२३ जुलै
साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर फौजेत, ५ महार रेजिमेंट. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम. २०१५ पासून क्रॉस कंट्री, स्टीपलचेस त्याच्याही नंतर प्रशिक्षक अमरीश कुमारांनी हाती दिली. म्हणजे विशी ओलांडल्यावर. आणि पगार चालू. नोकरी असली की वर्षातल्या दोन-चार शर्यतींसाठी पाय राखता येतो. आम्ही रस्त्यावरच्या मुली रविवारी जिंकतो, सोमवारी लंगडतो. मेहनत कमी पडते असं मला कुणी सांगू नये.

२९ जुलै
पाऊस. ताण केले.

५ ऑगस्ट, रात्री
ऑलिम्पिकची प्राथमिक फेरी. पहिले पाच जण अंतिमला. साबळे पाचवा, ८:१५.४३. ऑलिम्पिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत भारताचा पहिला पुरुष. दादा झोपेतून उठून आला. "जिंकला का?" आत गेला, म्हटलं.

६ ऑगस्ट
सकाळी पहिलं पाऊल टाकलं. कळ आली, पण टाच टेकवली.

८ ऑगस्ट
रात्री सव्वाच्या सुमारास अंतिम फेरी. अकरावा. ८:१४.१८. मोरोक्कोचा एल बक्काली पहिला, ८:०६.०५. लमेचा गिर्मा अडथळ्याला अडखळून पडला, स्ट्रेचरवरून नेला. जगातला सगळ्यात वेगवान स्टीपलचेसपटू. पोटात गोळा आला.
दुकानावर एक जण म्हणाला, अकरावा म्हणजे काय, पदक नाहीच ना. मी भांडले. जगात अकरावा!

१० ऑगस्ट
शर्यतीच्या आयोजकांचा फोन. बक्षीस वाढवलंय. उद्या सांगते म्हटलं.

११ ऑगस्ट
नाही म्हणून कळवलं.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. शाल, नारळ, दोन शब्द बोला म्हणाले. ललिता बाबरचं सांगितलं. माण तालुक्यातलं मोही. २०१६ ला आजच्याच तारखेला रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठलेली पहिली भारतीय बाई. पहिल्या रांगेतल्या मुली हलल्या नाहीत.
घरी येऊन दादाला सांगितलं. दिवाळीलाही पाकीट येणार नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, तोवर एकही शर्यत नाही. त्यानं वही पुढं ओढली.
"दुसऱ्या खताचं काय?"
मी गप्प. आई चुलीपाशी होती.
"दुधाचा पगार एकवीसला होतो. त्यातनं बघू."