जंगल कुणाच्या हाती

बस्तरमधल्या चित्रकोटच्या आधी बरंच अंतर इंद्रावती सपाट, संथ वाहते. पुढे सुमारे तीस मीटरांचा कडा आहे याची चाहूलही तिच्या चालीत लागत नाही. मग घोड्याच्या नालासारख्या वळणावरून सगळी नदी एकदम खाली येते. भर पावसाळ्यात हा प्रपात जवळजवळ तीनशे मीटर रुंद होतो आणि पाणी मातीच्या रंगाचं असतं. मी गेलो ते दिवाळीनंतर. पाणी निवळलं होतं, धारा सुट्या झाल्या होत्या आणि मधला काळा खडक दिसू लागला होता. खालच्या डोहात नाव वल्हवणारा माणूस म्हणाला की चैत्र-वैशाखात याहून पुष्कळ कमी होतं. वरूनच येत नाही.

वरून म्हणजे ओडिशातून. इंद्रावती कालाहंडीच्या डोंगरात उगम पावते. तिथल्या धरणातलं पाणी बोगद्यातून महानदीच्या खोऱ्याकडे वळवलं आहे. छत्तीसगडच्या सीमेवर जोरा नाल्यापाशी आणखी एक मोठा वाटा शबरी नदीकडे निघून जातो. त्यावर दोन राज्यांचा वाद जुना आहे. उन्हाळ्यातल्या कोरड्या कड्याखाली रिकामी नाव घेऊन बसणाऱ्या त्या माणसाचं म्हणणं मात्र या वादात कुठे नोंदलेलं नाही. बस्तरमध्ये पुढे जे जे पाहिलं, ते या माणसाची आठवण ठेवूनच पाहिलं.

बस्तर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो बंदुकीचा. प्रश्न खोटा नाही. कित्येक वर्षं इथल्या गावांनी माओवादी आणि सुरक्षा दलं अशा दोन्ही बाजूंची भीती सोसली आहे आणि त्यात मेलेल्यांमध्ये आदिवासीच फार आहेत. पण तेवढंच बस्तर नव्हे. जगदलपूरच्या दक्षिणेला कांगेर खोऱ्यात शिरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना साल आणि साग, ओढ्याकाठी बांबू, आणि आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी. तिची आंबट तिखट चव जिभेवर बराच वेळ राहते. बाजारात हलबी बोलतात. मराठी कानाला ती निम्मी तरी कळतेच, आणि परक्या मुलखात आल्याचं दडपण तिथेच उतरतं.

कांगेर खोरं 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र सुमारे 200 चौरस किलोमीटर. तीरथगडचा धबधबा इथलाच. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा, देखणा, आणि सुटीच्या दिवशी गर्दीने भरलेला. मला ओढ होती ती कुटुमसरच्या गुहेची.

गुहेचं तोंड इतकं अरुंद आहे की अंग चोरूनच उतरावं लागतं. पावसाळ्यात आत पाणी भरतं, म्हणून तेव्हा ती बंद असते. बरोबर गावातला वाटाड्या असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आमचा वाटाड्या धुरवा जमातीचा तरुण होता. हातातल्या दिव्याचा झोत तो भिंतीवर टाकायचा, पण पाण्यावर नाही. डबक्यात मासे आहेत, त्यांना उजेडाचा त्रास होतो, असं त्याने सांगितलं. चुनखडी विरघळवत झिरपणाऱ्या थेंबाथेंबांतून छतापासून खांब लोंबले आहेत आणि जमिनीतून वर आले आहेत. बोटभर वाढीला शतकं लागतात. हात लागेल तिथे ते काळवंडले आहेत. डबक्यांतल्या माशांचे डोळे लहान होत गेलेले, अंगाचा रंग फिका पडलेला. ओठांजवळच्या मिशांनी ते वाट चाचपतात. वाटाड्याने दिवा क्षणभर विझवला. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळेना. अशा अंधारात कितीएक पिढ्या जगून हे मासे घडले, आणि आपण तिकीट काढून, दिवे घेऊन, मोठमोठ्याने बोलत तिथे उतरतो. 1950 च्या दशकात भूगोलतज्ज्ञ शंकर तिवारी यांनी या गुहेचा अभ्यास केला आणि ती बाहेरच्या जगाला माहीत झाली. त्यांचं ऋण मोठंच. पण दिवा कुठे धरायचा नाही याची समज असलेला माणूस गावातच आहे, आणि रोज त्याच्याच भरवशावर ही गुहा आहे.

पहाडी मैनेची गोष्टही याच वळणाची. काळाभोर पक्षी, मानेवर पिवळी कातडी, आणि माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करणारा गळा. त्या गळ्यापायीच पिंजऱ्यांसाठी तिची पिल्लं पळवली गेली. ती छत्तीसगडचा राज्यपक्षी झाली. जगदलपुरात पिंजऱ्यात तिची वीण वाढवायचा प्रयत्न बरीच वर्षं चालला. नर-मादी दिसायला सारखीच, वीण काही झाली नाही. आता कांगेर खोऱ्यातली गावातली तरुण मुलं ‘मैना मित्र’ म्हणून ढोल्यांवर लक्ष ठेवतात. कोणत्या सालाच्या ढोलीत जोडी उतरली आहे, हे त्यांना माहीत असतं. त्यातल्या एकाने मला वर बोट दाखवलं. पक्षी दिसायच्या आधी शीळ ऐकू आली, आणि खरं सांगतो, घसा दाटून आला.

नेतानार गावही याच जंगलातलं. 1905 साली इंग्रज सरकारने बस्तरचं दोन तृतीयांश जंगल राखीव करायचं ठरवलं. फिरती शेती, शिकार आणि वनोपज गोळा करणं यांवर बंदी आणली. मग दुष्काळ पडला. उठावाचा निरोप म्हणून आंब्याच्या डहाळ्या, मातीचं ढेकूळ, मिरच्या आणि बाण गावोगाव फिरू लागले. 1910 च्या फेब्रुवारीत भूमकाल, म्हणजे आदिवासींचा उठाव, झाला. नेतानारचा गुंडा धूर त्यात पुढे होता आणि तो सरकारच्या हाती कधीच लागला नाही. उठाव क्रूरपणे चिरडला गेला, तरी राखीव करायचं जंगल आधीच्या बेताच्या जवळजवळ निम्म्यावर आलं. कांगेरची हिरवाई पाहताना मला या निम्म्याचा विसर पडत नाही. जंगल राखायचं म्हणजे त्यातली माणसं बाहेर काढायची, ही समजूत तेव्हाची आहे आणि अजून पुरती गेलेली नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. 2009 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 2022 मध्ये कांगेर राष्ट्रीय उद्यानाच्या आत असलेल्या गुडियापदर गावालाही तो मिळाला. राष्ट्रीय उद्यानातल्या गावाला असा हक्क मिळणं दुर्मीळ आहे. आजूबाजूच्या गावांनाही तो मिळावा असं मला मनापासून वाटतं. बाहेरून पाहायला येणाऱ्यांच्या वाटा, वेळा आणि शुल्क त्यांच्या ग्रामसभांनी ठरवावं, आणि कुटुमसरसारख्या गुहेत एका वेळी किती माणसं उतरतील हेही. इंद्रावती इथून पुढे गडचिरोलीच्या सीमेने वाहत सिरोंच्याच्या मुलखात सोमनूरला गोदावरीत मिळते. तिच्या दोन्ही काठांवर हीच मागणी घेऊन बसलेल्या ग्रामसभा आहेत, आणि कित्येकांचे दावे अजून फायलींत आहेत.