पाणी देणं

लोहाराच्या घरात पोराला कुणी समोर बसवून शिकवत नसे. भाता ओढता ओढता, कोळसा फोडता फोडता जेवढं डोळ्यांत शिरेल तेवढं त्याचं. आमच्या घरी मात्र एका वर्षी शिकवायची घाई झाली, आणि त्या घाईत माझा थोरला भाऊ काय काय शिकला ते मी भात्यावर बसून पाहिलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरात. पाऊस बेताचा, रान मुरमाड. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. तोडीवर जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. माणसं हत्याराच्या नावानं मोजली जायची, आणि ते हत्यार आमच्या भट्टीत व्हायचं. म्हणून भादव्यापासून आमच्या दारातली ऐरण गप्प बसत नसे.

सांडशी आणि हातोडा अण्णांच्या हातात, घण आईच्या, भाता माझ्या. भावानं आठवीतून शाळा सोडली ते १९८४ साल. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. शेतकऱ्याला मोतीबिंदू झाला तर तो अंदाजानं नांगर धरतो. लोहाराचं तसं नाही. त्याचं सगळं शास्त्र रंगात असतं. लोखंड तांबडं आहे, नारिंगी आहे की पिवळं झालं, यावर पुढचं ठरतं. अण्णांना आता सगळंच धुरकट तांबडं दिसायला लागलं होतं. हंगाम तीन महिन्यांवर आला होता आणि भट्टीला दुसरे डोळे पाहिजे होते.

अण्णांनी त्याला पहिल्यांदा कोयता दिला नाही. एक झिजलेली जुनी कानस दिली आणि म्हणाले, "हिची सुरी कर. कोयत्यात चूक लपती. सुरीत लपत न्हाई."

पहिल्या दिवशी भावानं कानस विस्तवात घातली आणि बोलत बसला. बाहेर काढली तेव्हा टोक पांढरं झालं होतं आणि त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. त्याला वाटलं, लोखंड चांगलं तापलं. पहिल्याच घावाला टोक भाकरीच्या तुकड्यासारखं गळून पडलं. अण्णांना दिसत नव्हतं, पण ठिणग्यांचा आवाज ऐकू आला. "जळालं ते. आता त्यात जीव न्हाई. दुसरं घे."

दुसऱ्या खेपेला तो जळण्याच्या भीतीनं लोखंड लवकर काढायचा आणि काळं पडलं तरी ठोकत राहायचा. सुरी झाली, पण पाठीजवळ केसाएवढी चीर दिसली. गार लोखंड मार सोसत नाही, आतून तडकतं. तिसऱ्या वेळी ताव बरोबर साधला, तर धार काढताना सुरी केळासारखी वाकली. भाऊ चिडून तिला सरळ करत बसला. अण्णांनी पात्यावरून बोट फिरवलं. "मार खाल्लेली बाजू लांब होती, बाबा. मग पातं पाठीकडं पळतं. आधी धारेच्या अंगाला वाकवून घे आणि मग धार काढ, म्हणजे आपोआप सरळ येईल." हे वाक्य कळायला त्याला दोन सुऱ्या लागल्या.

खरी परीक्षा पाण्याची. तापलेल्या हत्याराला पाण्यात बुडवून कठीण करायचं, याला आम्ही पाणी देणं म्हणतो. भावानं लालभडक सुरी ताज्या गार पाण्याच्या डोणीत आख्खी बुडवली. चर्र झालं आणि मागोमाग बारीक 'टिंग' असा आवाज आला. सुरी धारेपासून पाठीपर्यंत चिरली होती. त्या 'टिंग'शी आईनं घण खाली ठेवला. तिलाही कळलं होतं.

मग अण्णांनी त्याचा हात धरून पाणी दिलं. पाणी कोमट करून घेतलं. फक्त धारेकडची बोटभर कड बुडवली, चार श्वास धरली आणि वर काढली. लगेच विटेच्या तुकड्यानं धार घासून पांढरी केली. "आता बघ, पाठीतली ऊब धारेकडं येती. रंग चालत येतील. मला दिसत न्हाईत, तू सांग." भाऊ सांगायला लागला. पहिल्यांदा गव्हाच्या काडीचा रंग आला, मग गुळाचा, मग जांभळा, मग निळा. "सुरीला काडीचा रंग आला की थांबव," अण्णा म्हणाले, आणि भावानं सुरी पाण्यात सोडली. ती सुरी टिकली. कोपराखालचे केस तिनं उतरले.

बिघडलेलं एकही पातं अण्णांनी फेकू दिलं नाही. सगळी तारेत ओवून भात्याच्या मेढीला टांगली. जळकं, तडकलेलं, वाकडं, चिरलेलं मिळून सात नग झाले. "टाकून दिलं की तीच चूक परत दारात येती," असं त्यांचं म्हणणं. वारा आला की ती पाती एकमेकांवर वाजायची.

भाद्रपदात ट्रकचे मोडके कमानपाटे आले आणि कोयत्यांचं काम लागलं. ठोकायला अण्णा होतेच, हाताला डोळे लागत नाहीत. पाणी मात्र भाऊ द्यायचा, एकटा. अण्णांनी विचारलं तर "व्हतंय बरोबर" म्हणायचा. गिऱ्हाईक यायचं, कोयता हातावर फिरवायचं, केस उतरले की खूष व्हायचं. भावाची मान ताठ झाली होती. खंडेनवमीला त्यानं ऐरणीची पूजा केली, तेव्हा नवे चाळीस कोयते रांगेत मांडले होते. दिवाळीनंतर ते माणसांबरोबर उसाच्या फडात गेले.

मार्गशीर्षात एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. आमच्या वस्तीवरच्या एका मावशीचा कोयता फडात मोडला होता. तुकडा उडून तिच्या पोटरीत घुसला होता. आणखी दोघांचे कोयते धारेवर तुटले होते. मावशी चार दिवस कोपीत पडून होती आणि मुकादमानं चार दिवसांचा खाडा धरला होता. ट्रकवाल्यानं फडक्यात बांधलेला मोडका तुकडा अण्णांच्या हातात दिला.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी तुकडा मला दिला आणि म्हणाले, "मोडलेल्या तोंडात काय दिसतं, सांग." मी उन्हात धरला. आत साखरेसारखे जाड, चमचमणारे कण होते. मी तसं सांगितलं. "चांगल्या पात्याचं तोंड राखेसारखं असतं. बारीक, मळकट. साखर दिसली म्हंजे ताव जास्त झाला." मग भावाकडं वळून म्हणाले, "रंग कोणता धरला हुता?" भाऊ खाली बघून म्हणाला, "काडीचा. सुरीसारखा." अण्णा थोडा वेळ गप्प बसले. "तू धार बघितलीस. फड न्हाई बघितलास." दुसऱ्या दिवशी भट्टीतले सहा कोयते अण्णांनी त्याच्याकडून पुन्हा नव्या पाण्यानं करून घेतले आणि पोत्यात बांधून दिले. "एसटीनं तूच जा. निरोप्याच्या हातनं पाठवायचं न्हाई."

भाऊ पाच दिवसांनी परत आला. एवढं बोलताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, वर खुंट राहिला तर ओरडा बसतो. म्हणून प्रत्येक घावाला कोयता मातीत जातो, खड्यावर बसतो. पाचट काढायचं, वाढं छाटायचं, सगळं त्याच कोयत्यानं. माणसं तासातासाला कमरेची कानस काढून धार लावून घेतात. भावाच्या कोयत्यांवरून कानस घसरत होती, लागतच नव्हती, इतके ते कठीण होते. केस उतरवणारी धार फडात तासभरही उपयोगाची नव्हती. मावशीनं त्याला काही बोलून दाखवलं नाही. पोटरीवर चिंधी बांधून ती मोळी वाहत होती. जाताना नव्या कोयत्यावर तिनं आधी कानस ओढून पाहिली एवढंच.

त्यानंतर आमच्या भट्टीत कोयत्याचं पाणी जांभळा रंग निळ्याकडं झुकला की थांबायला लागलं. धार थोडी मऊ राहते, दुमडते, पण तुटत नाही, आणि कानसेनं पुन्हा उभी करता येते.

पुढच्या वर्षी अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला, रंग पुन्हा दिसू लागले. पण पाणी देण्याचं काम त्यांनी परत आपल्याकडं घेतलं नाही. ते समोर बसायचे आणि भावाला विचारायचे, "काय दिसतंय?" दिसत असूनही विचारायचे.

आता भट्टीवर भात्याच्या जागी विजेचा पंखा आहे, घासायला ग्राइंडर आहे. आयटीआय केलेला पुतण्या सांगतो की तापलेलं लोखंड लोहचुंबकाला सोडतं ते साधारण ७७० अंशांना, काडीचा रंग दोनशे तीसच्या आसपास येतो, निळा तीनशेला. पोरगा चुंबक तारेला बांधून तावाची परीक्षा घेतो. भाऊ म्हणतो, "बरं केलंस. आम्हाला ह्ये कळायला एका बाईची पोटरी लागली."

दर हंगामाला पहिल्या घाण्यातला एक चांगला कोयता भाऊ शेगड्यात धरून मुद्दाम मोडतो आणि तोंड उन्हात बघतो. राखेसारखं दिसलं तरच बाकीचे विकायला काढतो. मावशी आता तोडीला जात नाही, तिचा लेक आणि सून जातात. त्यांचा कोयता घ्यायला मात्र ती स्वतः येते. आल्याआल्या कानस मागते, धारेवर दोनदा ओढते. कानस लागली की म्हणते, "व्हय, ह्यो चालतंय," आणि मग कनवटीचे पैसे सोडते.