नॉरफोकच्या पाण्यावर भावोजींची जुनी बोट

इंग्लंडला जाऊन आले म्हटल्यावर सगळ्याजणी लंडनचंच विचारतात. लंडन दोन दिवसांत झालं. शाळेची उन्हाळ्याची सुट्टी खरी खर्ची पडली ती नॉर्विचला, धाकट्या भावोजींकडे, गुडघाभर रबरी बूट घालून जुन्या बोटी बघत हिंडण्यात!

नॉर्विचच्या आसपास नद्यांचं आणि तळ्यांचं जाळं आहे. त्याला ‘ब्रॉड्स’ म्हणतात. बोटीने फिरता येईल असं दोनशे किलोमीटरच्या घरात पाणी, आणि वाटेत एकही बंधाऱ्याचं दार नाही. ही तळी देवाने केलेली, असंच लोक कित्येक पिढ्या समजत होते. १९५०च्या दशकात ज्यॉइस लॅम्बर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी जमिनीला भोकं पाडपाडून पाहिलं, तर तळ्यांच्या कडा भिंतीसारख्या सरळ निघाल्या. म्हणजे हे माणसांनी खणलेले खड्डे! मध्ययुगात सरपण कमी पडे, म्हणून लोक दलदलीतली जळाऊ माती काढून चुलीत घालत. पुढे समुद्राची पातळी वाढली आणि खड्डे भरले. चुलीपायी झालेली तळी, म्हणून मला ती लगेच आपली वाटली.

या पाण्यावर स्वतःची बोट असावी, हे भावोजींचं जुनं वेड. नवी परवडत नाही, म्हणून जुनी केबिन क्रूझर. केबिन क्रूझर म्हणजे पाण्यावरची चाळीतली खोलीच. दोन शेगड्यांचा ओटा, हातभर मोरी, कोपऱ्यात संडास, आणि दिवसा जेवायचं टेबल रात्री पाडून त्याचाच पलंग. पैशांत मात्र निम्मा वाटा धाकट्या जाऊबाईंचा होता. सहा वर्षं दर शनिवार-रविवार डबे करून त्यांनी ते साठवले होते. त्यांना स्वतःला पोहता येत नाही आणि मुलगी सात वर्षांची. तेव्हा हौस भावोजींची असली, तरी घोर जाऊबाईंना.

पहिली बोट पाहिली ती कशी लखलखीत! नव्या गाद्या, फुलाफुलांचे पडदे, बाहेरून पॉलिश. भावोजी तर मनाने कधीच सुकाणूवर जाऊन बसले. जाऊबाईंनी काही न बोलता गादी उचलली आणि खालची फळी वास घेऊन पाहिली. मालक म्हणाला, जुन्या बोटींना एवढा वास असायचाच. माझ्या कानाशी त्या पुटपुटल्या, “ताई, खोळ नवी आहे, गादी कुबटच.”

मग त्यांनी अट घातली. तपासनीस आणायचा, त्याची फी द्यायची, आणि तो सांगेपर्यंत इसारही द्यायचा नाही. ही फी बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशेबाने असते. भावोजींना जिवावर आलं. “बोटीला सेफ्टी सर्टिफिकेट आहे की!” पण ते चार वर्षांनी मिळणारं सर्टिफिकेट गॅस, वायरिंग, इंधनाची टाकी अशा धोक्याच्या गोष्टींपुरतं असतं. बोटीचं अंग धड आहे की नाही, इंजिन किती दिवस चालेल, याची हमी त्यात नसते.

पट्ट्यांत उचलून बोट पाण्याबाहेर काढली. तपासनीस लहानशी हातोडी घेऊन टकटक वाजवत निघाला, अगदी आपण माठ घेताना टिचकी मारतो तसा. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आला की खडूची खूण. ओल मोजायचं यंत्रही त्याच्यापाशी होतं. फायबरच्या अंगात वर्षानुवर्षं पाणी मुरलं की पापडावर यावेत तसे फोड येतात. तळाला तसे फोड निघाले, आणि खिडकीजवळची वरची फळी पायाखाली दबत होती.

सगळ्यात वाईट निघालं ते सिलिंडरचं कपाट. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवतात. गळला तर गॅस पाण्यावर निघून जावा. इथे ते भोक कोणीतरी बुजवलं होतं. गळलेला गॅस कपाटातून बोटीच्या पोटात साठला असता, आणि एक ठिणगी पुरली असती. (घरातसुद्धा गॅसचा वास खालीच साचतो, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत असतं?)

मालकाने दीड हजार पौंड कमी करायची तयारी दाखवली. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. भावोजी म्हणाले, “एवढं खुसपट काढत बसलो तर या जन्मी बोट होणार नाही. वहिनी, तुम्ही तरी सांगा!” मी काय सांगणार? जाऊबाईच शांतपणे म्हणाल्या, “बोट नको असं मी म्हणत नाही. ही नको.”

आणखी चार बोटी पाहिल्या. घेतली ती पाचवी. तेवीस फूट, रंग उडालेला, पडदे तर बघवत नाहीत असे! पण इंजिन डिझेलचं. मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं, आम्ही यायच्या आत चालू करू नका. भावोजींनी पोचल्याबरोबर त्यावर हात ठेवून पाहिला, गारच होतं. एका दमात सुरू झालं. निळा धूर म्हणजे आत ऑइल जळतंय, हे ते आता शिकले आहेत. तसा धूर आला नाही. मालकाने बिस्किटांच्या डब्यात वर्षावर्षाची ऑइल बदलल्याची बिलं जपली होती, त्या डब्यावर जाऊबाई खूश. मी टेप धरून पाण्यापासून टपापर्यंत उंची मोजली. पॉटर हायम गावचा मध्ययुगातला दगडी पूल इतका ठेंगणा आहे की तिथे उंच बोटी अडतात. तेव्हा बोट घेण्याआधी पुलाचं माप हवंच.

घेण्यापेक्षा पोसणं महाग, हे मात्र खरं. दर एप्रिलला पाणपट्टीसारखा टोल, सक्तीचा विमा, बांधायच्या जागेचं भाडं, तळाला शेवाळ धरू नये म्हणून रंग. जाऊबाईंनी सगळं किराण्याच्या वहीत मांडलं आणि परदेशी सहल दोन वर्षं रद्द केली.

पहिल्या रविवारी आम्ही हॉर्निंगहून रॅनवर्थला गेलो. वेगाला इथे कायद्याचा लगाम, तीन ते सहा मैल ताशी. काठावरचा सायकलवाला आमच्या पुढे गेला. मुलीच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, आणि जाऊबाईंनी भावोजींनाही ते घालायला लावलं. तळाशी नुसता मऊ चिखल असल्याने इथे नांगराऐवजी जड वजन सोडतात. रॅनवर्थच्या चर्चचा मनोरा एकोणनव्वद पायऱ्या आणि वर दोन शिड्या चढून गाठला. वरून दूरवर पाहिलं. हिरव्या शेतांमधून नुसती पांढरी शिडं सरकत होती.

खाली आलो तर जाऊबाई पिठलं टाकायच्या तयारीत होत्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यासाठी बोटीत घंटा बसवलेली असते. तिचं बटण दाबून ती वाजतेय ना, एवढं बघितलं आणि मगच त्यांनी काडी ओढली.