जंक्शन ओसरताना

मूर्तिजापूरचा विचार करताना मन रुळांमधल्या अडीच फुटांच्या अंतरात अडकतं. इथून शकुंतला ही नॅरोगेज रेल्वेगाडी एकीकडे अचलपूरला, दुसरीकडे यवतमाळला जायची. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनवर आणून मुंबईकडे धाडणं, हे तिच्या जन्माचं कारण. गावाला जंक्शनपण आलं तेही त्यातूनच. 1994 मध्ये वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, पुढे गाडीच थांबली. ट्रक आणि एसटी जलद, मग हळहळ कशाला, असं कुणी म्हणेल. वेगाचं म्हणणं खरं आहे. पण रुळांची निगा न राखता गाडीलाच मंद ठरवणं मला न्याय्य वाटत नाही. मुख्य मार्गावर मूर्तिजापूर आजही आहे. तुटली ती आतल्या खेड्यांची स्वस्त वाट. कापसासाठी घातलेले रूळ माणसांसाठी राखायला हवे होते.