पीळ आणि झळाळी

सेनगावात कटलरीच्या दुकानात रेशीम मागितलं की दुकानदार वरच्या फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका खाली काढतो. आत रंगीबेरंगी रिळं. प्रत्येकावर ‘सिल्क’ छापलेलं आणि प्रत्येक रीळ रेयॉनचं, नाहीतर पॉलिएस्टरचं. दुकानदाराचा त्यात काही दोष नाही. गिऱ्हाईक चमक मागतं आणि त्या रिळांना चमक भरपूर आहे. खरं रेशीम हवं असेल तर पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्याला लडी आणायला सांगायच्या. त्या आल्या की निळी म्हणून सांगितलेली जांभळी निघते, पण रेशीम रेशीम असतं.

अशा गोळा झालेल्या लडी डब्यात पडून होत्या. एकीचा दोरा मऊ, दुसरीचा करकरीत, तिसरी मधाच्या रंगाची. कुठला दोरा कुठल्या कामाला लावायचा हे डोळ्यांनी ठरेना. मग मांजरपाटाचा तुकडा घेतला, खळ जाईपर्यंत धुतला, रिंगीत ताणला आणि पेन्सिलीनं चौकोन आखले. प्रत्येक दोऱ्याला एक चौकोन आणि प्रत्येक चौकोनात तेच टाके: दांडी टाका, साखळी, गाठी आणि भरीव टाक्याची दोन पानं. त्यातलं एक पान आडव्या टाक्यांनी भरायचं, एक उभ्या.

अशा नमुन्याच्या कापडाला परदेशात मोठा मान आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक हे नाव आणि १५९८ हे साल टाक्यांनी घातलेलं एक कापड जपून ठेवलं आहे. आपल्याकडे हा प्रकार शाळेतल्या शिवणकामाच्या फायलीत जाऊन बसला. मार्क मिळाले की फाईल माळ्यावर. तिच्यात टाके तेवढे शिकवायचे; दोऱ्याची परीक्षा कुणी घेतली नाही, कारण दोरा सगळ्या वर्गाचा एकच, सुती.

पहिला चौकोन बिनपिळाच्या रेशमाचा, म्हणजे पटाचा. तुतीच्या पाल्यावर वाढलेली अळी जो कोष करते त्यात साधारण हजार मीटर लांबीचा अखंड तंतू असतो. तो एकटा इतका बारीक की कामाचा नाही, म्हणून अनेक कोषांचे तंतू एकत्र ओढतात. त्यावर अळीचाच डिंक असतो, तो साबणाच्या पाण्यात उकळून काढला की रेशमाचं वजन जवळजवळ पावपट घटतं आणि चकाकी वर येते. तंतूचा छेद गोल नसतो, तिकोनी असतो, त्यामुळे त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड आरशासारखा परततो. आता या तंतूंना पीळ दिलाच नाही, तर सगळ्या बाजू एका दिशेला पडून राहतात. पटाचं भरलेलं पान खिडकीशी धरलं तर डोळे दिपतात.

पण ते पान भरताना जीव मेटाकुटीला येतो. नेढ्यात ओवतानाच दोऱ्याची टोकं पिंजतात. टाका ओढला की बोटाच्या कातडीला तंतू अडकतो, धस लागते आणि गुळगुळीत पानावर एक लव उभी राहते. सोयाबीनची काढणी नुकतीच संपलेली असेल तर विचारूच नका. वाळलेल्या शेंगांची टोकं बोचून बोचून बोटांची किसणी झालेली असते. रात्री खोबरेल चोळलं तर कातडी मऊ होते, पण दुसऱ्या दिवशी कापडाला डाग.

यावरून मी मनाशी एक सिद्धान्त बांधला: पट हे शेतात न जाणाऱ्या हातांचं रेशीम. दाखला हाताशी होता. आमच्या भागातल्या बंजारा तांड्यांवरच्या जुन्या फेटिया (घागरे) आणि कांचळ्या (चोळ्या) बघा. जाड सुती दोरा, दाट टाके, आरसे, कवड्या. ते कपडे अंगावर घालून बायका रानात गेल्या, ओझी वाहिली, विहिरीवर पाणी शेंदलं. तिथे पट चार दिवसही टिकला नसता.

हा सिद्धान्त पंजाबात जाऊन आपटला. तिथली फुलकारी खेड्यातल्या बायकांच्या हातची, आणि ती नेमकी बिनपिळाच्या पटानं भरत, तीही खरबरीत खादीवर! त्या बायका काही गादीवर लोळणाऱ्या नव्हत्या. मग जमलं कसं? एक म्हणजे त्या कापडाच्या उलट्या बाजूनं धागे मोजत टाका घालत. दुसरं आणि महत्त्वाचं, फुलकारी रोज नेसायची नव्हती. लग्नात, सणात अंगावर घ्यायची आणि परत पेटीत ठेवायची. म्हणजे प्रश्न हाताचा कमी आणि वापराचा जास्त. पेटीत राहणाऱ्या वस्तूला पट, अंगावर झिजणाऱ्या वस्तूला पीळ. सिद्धान्त सुधारून घेतला.

फुलकारीतली आणखी एक गोष्ट माझ्या त्या दोन पानांनी पटवली. एकाच रंगाच्या पटानं काही टाके आडवे, काही उभे घातले की बघणाऱ्याला दोन छटा दिसतात. माझ्या चौकोनातलं उभं पान दुपारी पिवळंधमक आणि आडवं मंद हळदी. कापड फिरवलं की उलट. लड एकच. रंगाच्या दोन लडी विकत घ्यायच्या आधी टाक्याची दिशा बदलून बघावी, हे मला कुठल्या फायलीत शिकवलं नव्हतं.

पंजाबची आठवण आमच्याकडे तशी आडवाटेची नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव. जन्म १२७० चा, घराणं शिंप्याचं, आणि आयुष्याचा पुढचा मोठा काळ गेला पंजाबात, घुमानला. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांच्यात गज, कात्री, सुई, दोरा हे सगळं घरचं सामान येतं. पंजाबातल्या बायकांना पट भरताना त्यांनी पाहिलं का, हा प्रश्न मनात येतो. त्याला पुरावा नाही, म्हणून तो प्रश्न तिथेच ठेवते.

दुसरा चौकोन पिळाच्या रेशमाचा. झळाळी पटाच्या निम्मी, पण दांडी टाका असा उठून दिसतो की नक्षीची रेघ कोरल्यासारखी वाटते. गाठी घट्ट, साखळीची प्रत्येक कडी वेगळी. पटवेकरी पुतळ्यांची माळ गाठवतो, गोफ वळतो, तो पीळ दिलेल्या रेशमावर, ते उगाच नाही. सोन्याचं वजन गळ्यात पेलायचं असतं.

टसरचा चौकोन माझा सगळ्यात लाडका, हे आधीच सांगून टाकते. हे रेशीम तुतीचं नव्हे. गडचिरोली, भंडाऱ्याकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचं. रंग मुळातच मधाचा. तंतू चपटा आणि जाडाभरडा, म्हणून चकाकी पाण्यासारखी सळसळत नाही, आतून उजळल्यासारखी वाटते. खरखरीत बोटांना हा दोरा बुजत नाही, धसही क्वचित लागते. कुठे जाड कुठे बारीक अशा त्याच्या चालीमुळे भरीव पान जरा ओबडधोबड होतं, पण झाडाचं खोड, मातीची भिंत, गाईचं अंग भरायचं तर याच्याइतका योग्य दोरा नाही. कोषाचा हा धागा बायका पिढ्यान् पिढ्या उघड्या मांडीवर वळत आल्या, कातडी सोलवटायची. ती पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्र सरकारनं ‘बुनियाद’ नावाची यंत्रं दिली. टसर हातात घेताना ते सोललेलं कातडं आठवतं.

फुटक्या कोषांच्या तुकड्यांपासून कातलेल्या रेशमाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मऊ, सुताच्या जवळचं, स्वस्त. शिकणारीनं यावर हात बसवावा.

रेयॉननं मात्र मला गप्प केलं. चमकेत तो पटाच्या खांद्याला खांदा लावून उभा. अनोळखी माणसाला दोन्ही पानं दाखवली तर तो रेयॉनवरच बोट ठेवेल. फरक कळतो तो गाठ मारताना. रेयॉनची गाठ सुळकन सुटते. आणि कळतो भिजल्यावर, कारण ओलं झालं की रेयॉनची ताकद निम्म्यावर येते. रेशीम ओलं झाल्यावर थोडं नरमतं, पण धीर सोडत नाही.

शेवटचा चौकोन जुन्या इरकलीच्या पदरातून उसवून काढलेल्या तांबड्या धाग्याचा. बंगालात कांथ्यासाठी जुन्या साडीच्या काठातूनच दोरे काढत, मग आपणही काढून बघावे. आजीच्या इरकलीचा दोरा जाळला तर जळक्या केसाचा वास आला आणि बोटांत चुरगळणारी काळी राख उरली, म्हणजे खरं रेशीम. पुढच्या पिढीतल्या इरकलीचा दोरा कागदासारखा भुर्रकन पेटला. दोन्ही साड्यांचं अंग सुती, दोन्हींचा टोपपदर तसाच दिमाखाचा. मधल्या काळात रेशीम कधी निसटलं ते नेसणारीला कळलंही नसेल.

सगळे चौकोन भरल्यावर कापडाचा अर्धा भाग जाड कागदानं झाकला आणि ते दक्षिणेच्या खिडकीला लावलं. मराठवाड्याचं ऊन कुणाची गय करत नाही. पिवळा पट फिका पडला, तांबडा विटला. टसरचा स्वतःचा रंग बराचसा टिकला. मग रिठ्याच्या पाण्यात धुतलं, कारण धुण्याची पावडर आणि सोडा रेशमाला खातात. गुलाबी लडीनं शेजारच्या चौकोनात रंग सोडला, तेवढ्यानं ती लड बाद.

आता या भागातही तुतीची शेती रुजते आहे. जालन्यात २०१८ मध्ये कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी शेतकरी कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जात. म्हणजे मराठवाड्याच्या पाल्यावर रेशीम होतं, पण भरतकामाची लड म्हणून ते आमच्या कटलरीच्या फळीवर येत नाही. माळावर कोष पिकतो आणि दुकानात रेयॉन मिळतो, हे मला खटकतं. एखाद्या बचतगटानं धागा ओढून, पीळ देऊन, रंगवून लडी केल्या तर निदान आमच्यासारख्यांची सोय होईल.

तोवर तुम्ही रुखवतासाठी रेशीम घ्यायला निघालात, तर दुकानात वीतभर दोरा मागा आणि घरी येऊन जाळून बघा. जळक्या केसाचा वास आला तरच लडी घ्या. भिंतीवर काचेत राहणारं चित्र असेल तर पट घ्या, उशीचा अभ्रा किंवा ब्लाउज असेल तर पिळाचं नाहीतर टसर. आणि रंग सोडतो का ते आधी चिंधीवर धुऊन बघा.