झेपेआधीची दोन पावलं

संपादकांनी गोलकीपरवर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा झेपांची छायाचित्रं असावीत. गोलकीपर म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं: हवेत आडवं झालेलं अंग आणि बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकललेला चेंडू. गोली घडवण्याच्या कामात हा समज मला सगळ्यात जास्त छळतो. झेप हा शेवटचा उपाय आहे. चांगला गोलकीपर ओळखायचा तो झेपेआधीच्या दोन पावलांवरून, आणि ती पावलं शिकवणारा माणूस लहान वयात भेटला नाही, तर पुढे कितीही घाम गाळला तरी ती उणीव भरून निघणं फार कठीण.

थोडा हिशेब मांडतो. दोन खांबांत ७.३२ मीटर अंतर असतं, वरची दांडी २.४४ मीटरवर. गोलसमोर बरोबर मधोमध, १६ मीटरवर चेंडू आहे. गोली रेषेवरच थांबला, तर त्याला पूर्ण ७.३२ मीटर राखावे लागतात. तो चार मीटर पुढे सरकला, की राखायची रुंदी साडेपाच मीटरच्या आत येते. पावणेदोन मीटरहून जास्त गोल त्याने चेंडूला हात न लावता झाकला. मात्र पुढे आल्यावर डोक्यावरून चेंडू जाण्याची भीती वाढते. म्हणून किती पुढे यायचं आणि कुठे थांबायचं, हे स्ट्रायकरची मान खाली गेली की वर आहे, चेंडू त्याच्या पायाजवळ आहे की सुटलेला, यावरून ठरवावं लागतं. फटका सुटताना दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे सैल, वजन पंजांवर. हे सगळं जमलं तर चेंडू सरळ छातीवर येतो, आणि बघणारे म्हणतात, फटकाच कमजोर होता!

गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर हे याचं आपल्या जवळचं उदाहरण. १९८३ मध्ये गोव्याने बंगालसोबत संयुक्तपणे संतोष ट्रॉफी जिंकली. १९८४ मध्ये ती पुन्हा जिंकली, तीही स्पर्धेत एकही गोल न खाता. अख्खी स्पर्धा केवळ चपळाईवर कोरडी जात नाही. त्यासाठी बचावफळीला सतत ओरडून जागेवर ठेवावं लागतं, क्रॉस येण्याआधी तो ओळखावा लागतो. शंखवाळकरांनी भारताचं नेतृत्व केलं. पण मान उशिरा मिळाला: अर्जुन पुरस्कार १९९७ चा आणि पद्मश्री २०२२ ची. फॉरवर्डचा गोल दुसऱ्या दिवशी छापून येतो, न झालेला गोल कुठे नोंदला जात नाही.

पेनल्टीबद्दल तर फारच गैरसमज. ताशी १०० किलोमीटरचा फटका ११ मीटर अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. संशोधक बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २८.७ टक्के फटके मध्यभागी होते, पण गोलकीपर जागेवर थांबले फक्त ६.३ टक्के वेळा. थांबलेल्यांनी एकतृतीयांश फटके अडवले; झेपावणाऱ्यांना सातातला एकही धड अडवता आला नाही. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे: थांबण्याचे प्रसंग अठराच्या आसपास, नमुना लहान, शिवाय सगळेच थांबू लागले तर मारणारे कोपरे शोधतील. म्हणून ‘नेहमी थांबा’ असं मी शिकवत नाही. पण झेप घेऊन चुकण्यापेक्षा उभं राहून चुकणं गोलीला जास्त बोचतं, म्हणून तो उगाच उडी मारतो, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष मला पटतो; झेप घेऊन चुकलेल्याला लोक माफ करतात आणि उभा राहून चुकलेल्याला शिव्या घालतात, ही भीती त्यामागे असावी. गोलीचं तंत्र प्रेक्षकांच्या टाळ्या बिघडवतात.

दुसरा आक्षेप आमच्या भागातला. ऊर्जानगरच्या वसाहतीपासून गडचिरोलीच्या आश्रमशाळांपर्यंत हिरवळीचं मैदान दुर्मीळ. मुरमावर झेप घेतली की कोपर-मांडी सोलून निघते, मग इथे गोली कसा घडणार? माझ्या मते हेच इथल्या मुलांना पायांचं काम आधी शिकवण्याचं कारण आहे. सरकणं, थांबणं, कोन झाकणं याला गवत लागत नाही. शिवाय १९९२ च्या नियमाने सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेणं बंद झालं, तेव्हापासून पाय कच्चे असलेल्या गोलीला वरच्या फुटबॉलमध्ये जागाच उरलेली नाही.

‘गोली जन्मावा लागतो’ असं म्हणणाऱ्यांनी इटलीचा डिनो झोफ आठवावा. चाळिशीत, १९८२ मध्ये त्याने कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला, आणि २००० मध्ये प्रशिक्षक म्हणून इटलीला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेलं. चाळिशीतल्या शरीराची चपळाई विशीतली नसते. टिकते ती खेळ वाचण्याची सवय, आणि सवय लावता येते. तरीही आपल्याकडे अजून संघात धावायला सगळ्यात मंद असलेल्या पोराला गोलमध्ये उभं करतात आणि सरावाला शेवटी दहा फटके मारून मोकळे होतात.

क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: गोलीसाठी रोजच्या सरावातली पहिली वीस मिनिटं राखून ठेवा, आणि निवड चाचणीत त्याच्या झेपा मोजण्याआधी त्याचे पाय बघा.