विलंब शुल्कासह

१.
नागपुरातल्या हुडकेश्वर रोडवरच्या एका ऑनलाइन सेंटरची पाटी: सातबारा, पॅन कार्ड, लाइट बिल, महाडीबीटी, विद्यापीठ परीक्षा फॉर्म. आत एक मुलगी विचारते, "दादा, बोनाफाईड पण लागते काय?" इथल्या मुलांचा विद्यापीठाशी पहिला व्यवहार बहुधा अशाच काउंटरवर होतो.

२.
हुडकेश्वर-नरसाळा २०१३ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, अमरावती रोडवर. म्हाळगीनगर, मानेवाडा, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, मग सीताबर्डी, आणि तिथून पुढे. ज्यांचे नाव २००५ मध्ये विद्यापीठाला दिले त्या राष्ट्रसंतांचा पुतळा आमच्या वाटेवर आधी लागतो. विद्यापीठ बरेच नंतर.

३.
विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. दोन्ही विद्यापीठापेक्षा वयाने मोठी. तोवर पदवी आधी कलकत्त्याची, नंतर अलाहाबादची. परीक्षा आपल्या शहरात ठरावी, एवढ्या साध्या गोष्टीला पहिल्या कॉलेजानंतर चाळीस वर्षे लागली.

४.
विद्यापीठातून काय काय गेले, याची नोंद करू पाहतो. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ झाले, तिकडची कॉलेजे गेली. १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ आले आणि महाराजबागेजवळचे शेतकी महाविद्यालय तिकडे गेले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, सारा वऱ्हाड गेला. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले, मेडिकल गेले. २००२ मध्ये व्हीआरसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे व्हीएनआयटी झाले, तेही गेले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले. चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. २०२३ मध्ये एलआयटी गेली.

यातले बहुतेक निर्णय योग्य होते. गडचिरोलीच्या मुलाने गुणपत्रिकेतली चूक सुधारायला नागपूरला का यावे? पण परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क हीच जिची मोठी मिळकत, त्या संस्थेचा प्रत्येक तुकडा गेला की जमेची एक बाजू पण जाते, आणि जुन्या इमारती, निवृत्तिवेतन, कोर्टकचेऱ्या मागे राहतात. त्याचा हिशेब विभाजनाच्या वेळी मांडला जायला हवा.

५.
उरले चार जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया.

६.
कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले. १९३० मध्ये गेले. मृत्युपत्रात सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला, विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या उपयोजित शिक्षणासाठी. संस्था, म्हणजेच एलआयटी, उभी राहिली १९४२ मध्ये. आज ते स्वतंत्र विद्यापीठ आहे.

सर हरिसिंग गौर नागपूरचे कुलगुरू होते. सागरला विद्यापीठ काढताना त्यांनी स्वतःच्या कमाईतले २० लाख घातले.

एक खाणमालक, एक वकील. सार्वजनिक विद्यापीठ सरकारी पैशावरच उभे राहते, हा समज या दोघांमुळे मला तपासून पाहावा लागला. तरी मत बदलले नाही: इमारत दानातून उभी राहू शकते, दर महिन्याचा पगार नाही.

७.
विद्यार्थ्याचा फॉर्म एक दिवस उशिरा गेला, तर विलंब शुल्क. आणखी उशीर झाला, तर आणखी विलंब शुल्क.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकालालाही मुदत आहे: तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न, आणि काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत. ती टळली, तर विद्यापीठाने कारणांचा अहवाल द्यायचा. विद्यार्थ्याला काही मिळत नाही. निकाल रखडल्यामुळे ज्याची पुढची प्रवेशाची तारीख हुकते, त्याचे नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नाही.

८.
मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये संगणकावरून तपासणीच्या घाईत निकाल महिनोन्‌महिने अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. विद्यार्थ्यांना परदेशातले प्रवेश परत आणून देणारे कलम मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

९.
नागपुरात परीक्षांना ऋतूंची नावे: विंटर आणि समर. विंटरचे पेपर कधीकधी कूलर लागेपर्यंत चालतात.

१०.
सप्टेंबर २०२४, जीएसटी परिषदेची ५४ वी बैठक. विद्यापीठ कॉलेजांना जी संलग्नता देते, तिच्या शुल्कावर १८ टक्के कर लागेल, असे स्पष्टीकरण द्यायचे ठरले. विद्यार्थ्याच्या परीक्षा शुल्कावर कर नाही, हे बरे. पण कॉलेजावर पडलेला बोजा शेवटी कुठे उतरतो, हे हुडकेश्वरच्या कोणत्याही पालकाला ठाऊक आहे.

११.
विद्यापीठ कायद्याचे कलम ८. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवे पद निर्माण करता येत नाही. पद मंजूर असले तरी भरायला परवानगी लागते. ती येईपर्यंत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसे. तास घेतला तर पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही.

जानेवारी २०२३ मध्ये अमरावती रोडच्या परिसरात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. मोठे मंडप, देशभरातले वैज्ञानिक, पंतप्रधानांचे दूरस्थ भाषण. आनंदच झाला. त्याच परिसरातल्या विभागांमध्ये रिक्त जागा होत्या, कंत्राटी शिक्षक शिकवत होते.

१२.
कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची. कायदा म्हणतो, पद रिकामे होण्याच्या सहा महिने आधी नव्या निवडीचे काम सुरू करा. महाराष्ट्रात 'प्रभारी' हा शब्द तरीही कुलगुरूंच्या दारावर वारंवार दिसतो. प्रभारी माणूस सही करतो, पाच वर्षांचा आराखडा आखत नाही. त्याला दोष देता येत नाही.

१३.
डिसेंबर २०२१: विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मंजूर. कुलगुरूपदासाठीची नावे राज्य सरकारमार्फत कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे, जावीत, उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हावेत. पुढच्या वर्षी सरकार बदलले, विधेयक मागे.

फेब्रुवारी २०२४: कुलपतींनी नागपूरच्या कुलगुरूंना निलंबित केले. एप्रिल: उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते निलंबन रद्द केले. वादाच्या मुळाशी असलेल्या गोष्टींत परीक्षेचे काम बाहेरच्या संस्थेला देण्याचा निर्णय होता.

राजभवन, मंत्रालय, न्यायालय. या तिन्ही ठिकाणांचे वकील आणि सचिव मी नावाने ओळखत नाही, पण त्या वर्षी फर्स्ट इयरला असलेली गल्लीतली मुले ओळखतो.

१४.
१९९९ मध्ये नागपूर विद्यापीठात गुणवाढीचा घोटाळा उघडकीस आला. फेरमूल्यांकनात पैसे घेऊन गुण वाढवले जात होते. पुढची कित्येक वर्षे इथली पदवी हातात घेऊन बाहेरगावी मुलाखतीला जाणाऱ्या सरळ मुलांनी त्याची किंमत मोजली. पदवीची पत ही विद्यापीठाची खरी ठेव, आणि ती ताळेबंदात लिहिलेली नसते.

१५.
अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी, शिक्षकांचे दहा, प्राचार्यांचे दहा, संस्थाचालकांचे सहा. नोंदणी केलेला पदवीधरच मत देतो. आमच्या भागात वकील आहेत, बँकेतले आहेत, शिक्षक तर गल्लीगणिक. नोंदणी केली का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर येते: ती कशी करतात?

१६.
विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही अधिसभेचे सदस्य असतात. म्हणजे शुल्कावर चर्चा होताना शुल्क भरणारे दोघे तरी सभागृहात असावेत, अशी कायद्याची इच्छा.

१९९४ च्या कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या. २०१९ मध्ये तारखा ठरल्या, विधानसभा निवडणूक आली, तारखा पुढे गेल्या. अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो. वर्गाचा प्रतिनिधी निवडायला आचारसंहिता आड आली.

हाणामारीची भीती खोटी नाही. कायदा करण्याआधी मुले मेलेली आहेत. पण ज्या भीतीने १९९४ मध्ये निवडणुका थांबवल्या, तिच्यावर तीस वर्षांत एवढाच उपाय सापडावा?

१७.
स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे महिन्याला सोळाशे-सतराशे पडतात. म्हणून मुले शहराच्या कडेला खोली शोधतात आणि दोघेतिघे मिळून राहतात. योजना चांगली आहे, तिने मुले शिकली आहेत. हप्ता उशिरा येतो ही तिची जुनी तक्रार. घरमालक मात्र एक तारखेला येतो.

१८.
जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले; कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. खाणावळ, बस आणि संध्याकाळी सातनंतर घरी परतायचा रस्ता त्यात येत नाही.

१९.
जर्मनीत शिक्षण शुल्क बंद करणारे शेवटचे राज्य लोअर सॅक्सनी, वर्ष २०१४. तिथे दर सत्राला थोडे अंशदान भरावे लागते, आणि पुष्कळ विद्यापीठांत बस-रेल्वेचा पास त्यातच येतो.

२०.
कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले: राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. तेव्हा जे विद्यार्थी होते त्यांची नातवंडे आता फॉर्म भरत आहेत.

२१.
अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीची बातमी बहुतेक वेळा गोंधळ, घोषणा, सभात्याग अशी येते. आकडे शेवटच्या परिच्छेदात. मला त्यात तीन आकडे आधी हवे आहेत: विलंब शुल्कातून किती आले, फेरमूल्यांकनाच्या शुल्कातून किती आले, आणि विद्यार्थी कल्याणावर ठेवलेल्या तरतुदीतले खरोखर किती खर्च झाले. हे तीन आकडे मराठीत, दर एप्रिलला, चारही जिल्ह्यांतल्या प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावायला कोणाच्या पूर्वमान्यतेची गरज नसावी.